वाडग्याची पकड

लाटणे कातणे कातारी लोकांना त्यामानाने सोपे जाते. लाकडाची दोन्ही टोके लेथच्या दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरली, की ते फिरू लागते आणि पटाशीची धार लागताच गोल होते. वाडग्याचे तसे नाही. तो आतून पोकळ हवा. म्हणजे जेथे पकडावयाचे, तेथेच पुढे कोरावयाचे असते.

विजेच्या लेथवर हा पेच दोन डावांत सुटतो. जी बाजू पुढे पोकळ व्हावयाची, तिच्यात जाड स्क्रू घालून ठोकळा लेथवर चढवितात, बाहेरची गोलाई काढतात आणि बुडाशी एक बुटकी बैठक राखतात. मग ठोकळा उलटा करून ती बैठक चकाच्या जबड्यांत धरतात व आतून कोरतात. स्क्रूचे भोक कोरलेल्या लाकडाबरोबर नाहीसे होते.

इंग्लंडमधील जुन्या कातारींजवळ असा चक नव्हता. बर्कशायर परगण्यातील बकलबरीच्या माळरानावर जॉर्ज लेली नावाचा कातारी एल्म वृक्षाच्या लाकडाचे वाडगे करीत असे. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून ते लाकूड सहसा दुभंगत नाही. लेलीच्या लेथला वर एक लवचिक दांडा, खाली पायाने दाबावयाची फळी आणि दोहोंना जोडणारा दोर एवढेच साधन. फळी दाबली की ठोकळा पुढे फिरे. सोडली की दांडा दोर ओढून घेई आणि ठोकळा उलट फिरे. कापणे होई ते केवळ पाय खाली जात असताना!

ठोकळ्याच्या सपाट तोंडात टोकदार खिळ्यांचा छोटा रूळ ठोकून बसवीत व त्याभोवती दोर गुंडाळीत. बाहेरची बाजू झाली, की आकडीसारख्या वाकड्या हत्याराने आतून कोरीत. मात्र रुळाखालचा मधला खुंट शिल्लक ठेवीत. तो खुंट हीच वाडग्याची पकड. तो वेळेआधी बारीक झाला, तर फिरता वाडगा निखळून पडे. जाड राहिला, तर हत्याराला वाव मिळत नसे. अखेरीस खुंट मोडून टाकीत आणि त्याची खूण चाकूने तासून काढीत.

लेलीचे कसब याहून मोठे होते. लांब, वक्र हत्यारांनी तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढी. हत्याराचे टोक त्या वेळी लाकडाच्या पोटात, नजरेआड चालत असे. तेथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. सारा भरवसा हातावर.

१९५८ साली लेली वारला. त्याचे काम पुढे चालविणारा कोणी नव्हता. त्याचा लेथ व हत्यारे रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात गेली. परंतु ती कशी धरावी, खुंट केव्हा बारीक करावा, हे हत्यारांवर कोठे लिहिलेले असते? विसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबिन वुड या कारागिराने ती न्याहाळून तशी हत्यारे स्वतः घडविली आणि वाडगे कातण्यास आरंभ केला. पायाने चालणाऱ्या लेथवर वाडगे कातणारे कारागीर आता इंग्लंडात पुन्हा आढळतात.