खिडकीतील ऑर्किड

सह्याद्रीच्या अरण्यात पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी फुलते. ही ऑर्किड कुळातील वनस्पती होय. तिची मुळे भूमीत नसतात. वृक्षाच्या खोडाला बिलगून ती वाढते. मात्र ती वृक्षाचा रस शोषीत नाही. वृक्ष तिला केवळ आधार देतो आणि त्याच्या पानांतून गाळून आलेला सौम्य प्रकाश तिला मिळतो.

आग्नेय आशियातील अरण्यांत वाढणारे फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड आता अनेक घरांत कुंडीत दिसते. त्यालाही असाच प्रकाश मानवतो. परंतु घरात डोक्यावर वृक्ष नसतो. म्हणून पर्णछायेचे काम खिडकीने करावयाचे असते. पूर्वेची खिडकी त्यास उत्तम, कारण सकाळचे ऊन कोवळे असते. पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन प्रखर असते. तेथे पातळ पडदा लावावा.

प्रकाश पुरेसा आहे की नाही, हे कसे ओळखावे? भर दिवसा खिडकी व पान यांच्यामध्ये, पानापासून सुमारे ३० सेंटिमीटरांवर हात धरावा. सावली रेखीव पडली, तर ऊन फार. पुसट पडली, तर योग्य. मुळीच पडली नाही, तर प्रकाश अपुरा.

पानेही साक्ष देतात. अति उन्हाने ती पिवळट होतात व करपतात. प्रकाश अपुरा असल्यास ती गर्द हिरवी होतात. ही हिरवाई फसवी असते. रोप टवटवीत दिसते, पण फुलत नाही. कारण फुलांसाठी लागणारे अन्न पाने प्रकाशातच तयार करितात. म्हणून ऑर्किड बाळगणाऱ्याने पाण्याइतकीच प्रकाशाचीही काळजी वाहावी.