धर्म कोणता आणि देणाऱ्याची रीत कोणती?



बिरसीहून गोंदियाला गेलात की स्टेशनावर नागपूर-राजनांदगाव मार्गाच्या गाड्या दिसतात. १८९३ साली याच मार्गावरील प्रवासात कवी नारायण वामन टिळक यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी धर्म बदलला. पण धर्म आणणाऱ्यांची प्रत्येक चालरीत धर्म म्हणून स्वीकारली नाही. आपणही धर्मांतर केलेली माणसे आहोत. म्हणून हा विषय आपल्या अभ्यासाचा आहे.

प्रॉटेस्टंट मिशनरी महाराष्ट्रात केव्हा आले? अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस, तर स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या, पुस्तके छापली. जोतीराव फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या मंडळींनी धर्माबरोबर स्वतःच्या देशातील समजुतीही आणल्या. त्यातील तीन पाहू.

पहिली समजूत: वरचा वर्ग आधी शिकवावा, मग धर्म आपोआप खाली झिरपेल. अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली कलकत्त्यात याच विचाराने इंग्रजी शाळा काढली. इतरत्रही तो मार्ग चालला. झाले काय? उच्चवर्णीयांनी शिक्षण घेतले, नोकऱ्या मिळविल्या; धर्म घेतला तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. उलट अहमदनगरच्या खेड्यांतून मोठ्या संख्येने पुढे आले ते महार व मांग. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण’ या लेखात मिशनच्या या चुकीवर नेमके बोट ठेवले आहे.

दुसरी समजूत: आमच्या देशातील उपासनेची पद्धत म्हणजेच धर्म. मराठी शब्द विलायती चालींवर बसवून प्रार्थना होऊ लागल्या. ज्याच्या कानात अभंग आणि ओवी मुरली आहे, त्याचे मन तेथे कसे रमावे? टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टिळकांनी भजने रचली. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. १९१९ साली त्यांचे निधन झाले.

तिसरी समजूत: माणूस खाली का पडतो, तर त्याच्या पापामुळे. बाबासाहेबांचा आक्षेप येथेच होता. ज्याला गावाने पाणी नाकारले, त्याला तुझ्या पापामुळे तुझी ही दशा असे शिकविले, तर तो अन्यायी व्यवस्था बदलायला उठेल कसा? धर्मांतरित मनुष्याने आपल्या हक्कांसाठी लढले पाहिजे, ही त्यांची अपेक्षा होती.

येथवर देणाऱ्याची चूक झाली. आता घेणाऱ्याची पाहा. तमिळ मुलुखातील चर्चमध्ये निरनिराळ्या जातींचे ख्रिस्ती वेगवेगळे बसत. काही मिशनऱ्यांनी जात म्हणजे केवळ सामाजिक दर्जा, असे समजून तिकडे दुर्लक्ष केले. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधून जात काढून टाकण्याचा आदेश दिला. तेव्हा अनेक जण चर्च सोडून गेले, पण जात सोडीनात. देव बदलला, नाव बदलले. उंबरठ्याच्या आत जात तशीच राहिली.

वाचकहो, हे वाचून ख्रिस्ती बांधवांना हसू नका. आपल्या घरात डोकावून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. त्यानंतरही सोयरीक जुळविताना बावणे की कोसरे, असा प्रश्न हळूच विचारला जात असेल, तर आपणही तीच चूक करीत आहोत. आणि श्रीलंका, ब्रह्मदेश किंवा जपानमधील भिक्खूंची वेशभूषा वा पूजेची रीत त्या त्या देशाची आहे. तिचा आदर करा, पण तिलाच धम्म समजू नका.

मग कसोटी कोणती? जी गोष्ट बुद्धीला पटते, मन निर्मळ करते आणि माणसामाणसांतील विषमता कमी करते, ती धम्माची. बाकी सर्व चालरीत. सोयीची असेल तर ठेवा, घातक असेल तर टाका.

येत्या रविवारी जेवणानंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून या तीन प्रश्नांवर बोला. मुलांना व सुनांनाही बोलू द्या.

१. आपल्या घरातील कोणती रीत जुन्या घरातून आली आहे?
२. कोणती रीत आपण केवळ दुसऱ्याचे पाहून उचलली?
३. मुलामुलीचे लग्न ठरविताना आपण पोटजात विचारणार की नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊ नका. ते लग्नाच्या मांडवात द्या.

जयभीम.