मतिमंदत्व : उपचार, शिक्षण आणि पालकांनंतरचा प्रश्न

वेड आणि मतिमंदत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समजावून सांगण्याची वेळ आजही खेडोपाडी शिक्षकांवर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर येते. मनोरुग्णाची बुद्धी मूळची सर्वसाधारण असू शकते. त्याला आजार जडतो आणि योग्य औषधोपचाराने तो बहुधा आटोक्यात येतो. मतिमंदत्व हा आजार नव्हे. बुद्धीच्या आणि दैनंदिन व्यवहारकौशल्यांच्या विकासाला वाढीच्या वयातच पडलेली ती मर्यादा होय. हा भेद मान्य करण्यास कायद्यालाही बराच काळ लागला. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने दोघांनाही एकाच व्याख्येत बसविले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्वाला त्या व्याख्येतून वगळले आणि २०१७ च्या कायद्यानेही तीच भूमिका कायम ठेवली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा आहे. शाळांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात मात्र ‘मतिमंद’ हाच शब्द रूढ आहे.

हा केवळ शब्दांचा खल नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगड येथील एका प्रकरणात, सौम्य मतिमंद असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीवाचून करता येणार नाही असा निर्णय दिला, तेव्हा मनोरुग्ण आणि मतिमंद यांतील हाच भेद निर्णायक ठरला होता.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद मतिमंद म्हणून झाली. घरातील अशा मुलाविषयी परक्या माणसाजवळ बोलण्यास आपल्याकडे जो संकोच वाटतो, तो ध्यानी घेता प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असावी, असे मानण्यास जागा आहे.

वेळीच ओळख

मतिमंदत्वाची कारणे अनेक आहेत. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्याने होणारा डाऊन सिंड्रोम, मातेला गरोदरपणात झालेला रुबेला, प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूला न मिळालेला प्राणवायू, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, आयोडीनचा अभाव ही त्यांपैकी प्रमुख होत. कित्येकदा कारण सापडतच नाही आणि अशा वेळी दोष बहुधा आईच्या माथी मारला जातो. तो अन्याय आहे.

झालेले मतिमंदत्व औषधाने नाहीसे होत नाही. बुद्धी वाढविण्याच्या नावाखाली विकली जाणारी टॉनिके, गंडेदोरे यांवर होणारा खर्च सर्वस्वी वाया जातो. काही प्रकार मात्र वेळेवर हाती लागल्यास टाळता येतात. बाळाची अवटू ग्रंथी जन्मतः काम करीत नसेल तर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ते कळू शकते. पहिल्या काही आठवड्यांतच गोळी सुरू केल्यास बहुतेक मुलांची वाढ सर्वसाधारण होते. तीच गोळी वर्षभराने सुरू केली, तर उंची वाढते पण बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही. घराघरांत आयोडीनयुक्त मीठ पोहोचविण्यामागे गलगंडाइतकाच मेंदूच्या वाढीचाही विचार आहे.

बाळ चार-पाच महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, वर्षाचे होत आले तरी आधाराविना बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर ‘बाप पण उशिराच बोलला होता’ या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या समजुतीवर विसंबून राहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याअन्वये अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या मुलांची तपासणी केली जाते. पण जे मूल अंगणवाडीत आणलेच जात नाही, त्याच्यापर्यंत हे पथक पोहोचत नाही. ते घर दाखवून देण्याचे काम सरपंच आणि अंगणवाडी सेविकाच करू शकतात.

शिक्षण

सुमारे सत्तरपेक्षा कमी बुद्ध्यंक आणि त्याच्या जोडीला व्यवहारकौशल्यांतील उणीव, असा मतिमंदत्वाचा सर्वसाधारण निकष आहे. या मापनाच्या इतिहासात आपल्या भागाचा वाटा आहे. बिने यांच्या चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात केले, तर मुलाची सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या एका पाश्चात्त्य मापनश्रेणीला नागपूर येथे काम करणाऱ्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय रूप दिले. बहुसंख्य मतिमंद व्यक्ती सौम्य गटात मोडतात. त्या लिहू-वाचू शकतात, मोलमजुरी करतात, संसारही करतात. सौम्य गटातील व्यक्तीच्या प्रमाणपत्रावरही ५० टक्के अक्षमता नमूद होते आणि सवलतींसाठी आवश्यक असलेली ४० टक्क्यांची अट त्यामुळे पुरी होते, हे अनेक कार्यालयांत ठाऊक नसते.

बालशिक्षणाचा आणि या मुलांचा संबंध फार जवळचा आहे. फ्रान्समधील वैद्य इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रानात सापडलेल्या एका मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला. त्यांचे शिष्य सेगाँ यांनी पुढे मंदबुद्धी मुलांसाठी हाताने हाताळावयाची साधने तयार केली. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये ती साधने अशाच मुलांवर प्रथम वापरली आणि मग १९०७ मध्ये सर्वसाधारण मुलांच्या बालगृहात आणली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत ती पद्धती आपल्या बालवाड्यांपर्यंत आली. म्हणजे आज कोणत्याही चांगल्या बालवाडीत जे ठोकळे आणि पट्ट्या दिसतात, त्यांचे पहिले विद्यार्थी मतिमंद मुलेच होती.

या मुलांना शिकविण्याचे तंत्र अवघड नाही, चिकाटीचे मात्र आहे. कामाचे लहान लहान तुकडे पाडावेत आणि एका वेळी एकच तुकडा शिकवावा. सदरा घालण्याचे उदाहरण घ्यावे. बाह्या, कॉलर, वरची सारी बटणे आईने लावावीत आणि फक्त शेवटचे बटण मुलाने लावावे. ते साधले की शेवटची दोन. अशा उलट्या क्रमाने शिकविल्यास प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होते आणि शाबासकीही त्यालाच मिळते. पैशांची ओळख करून द्यावयाची तर कागदी नाणी नकोत; खरे दहा रुपये आणि खरे दुकान हवे. शौच, स्नान, जेवण, रस्ता ओलांडणे आणि परक्या माणसाने अंगाला हात लावल्यास ‘नको’ म्हणणे, एवढे ज्याला आले त्याचे आणि घरच्यांचेही निम्मे ओझे उतरते. अक्षरओळख त्यानंतर. काही पालकांना हा क्रम पटत नाही आणि ते पाटी-पेन्सिलीचाच हट्ट धरून बसतात.

मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये सुरू केलेली शाळा आज ‘जय वकील’ नावाने ओळखली जाते. सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये पुण्यात ‘कामायनी’ स्थापन केली आणि शाळेच्या जोडीला उद्योग प्रशिक्षणावर भर दिला. नाशिकची ‘प्रबोधिनी’ रजनीताई लिमये यांनी उभी केली. यांपैकी बहुतेक कामे पालकांच्या गरजेतून जन्मली. मेणबत्त्या, खडू, कागदी पिशव्या हे कार्यशाळांतील नेहमीचे उद्योग. पण त्यांना गिऱ्हाईक शहरातच मिळते. खेड्यातील मुलाला रोपवाटिका, शेळ्या, कोंबड्या, गोठा यांतील एखादे ठरलेले काम दिले, तर ते घरातच राहते आणि त्याला बाजार शोधावा लागत नाही.

आईवडिलांनंतर

प्रत्येक पालकाला ग्रासणारी चिंता एकच असते : आपल्यामागे याचे कोण पाहील? ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला घातक आहे. त्यात दुसऱ्या एका व्यक्तीची फसवणूकही असते.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ ने यावर एक मार्ग दिला आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याच्या दृष्टीने आपोआप त्याचे पालक उरत नाहीत, हे फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. अशा व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती या समितीवर असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी सादर करावयाची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. हेळसांड किंवा अपहार आढळल्यास त्याला दूर करता येते. भाऊबंदकीच्या गावात सातबारावरून मतिमंद भावाचे नाव नकळत कमी होते, तेथे ही तरतूद तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सर्वांना ठाऊक असली पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारता येते.

ज्यांना आईवडीलच नाहीत, त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. बालगृहातील मुलाने अठराव्या वर्षी बाहेर पडावे असा नियम. पण ज्याला स्वतःचे नावही सांगता येत नाही, त्याने जावयाचे कोठे? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा शंभरावर बेवारस मुलांना आपले नाव दिले, त्यांना तेथेच ठेवून घेतले, त्यांपैकी काहींचे संसारही उभे केले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच आश्रयस्थानी राहता यावे, अशी कायद्यात तरतूद करण्याची मागणी ते अनेक वर्षे करीत आले आहेत.