कल्हई आणि उष्णता

वर्धा, आर्वी, हिंगणघाट अशा गांवांतून पूर्वीं कल्हईवाला आळीच्या तोंडाशीं भाता मांडून बसे. त्याच्या कृतींत पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडा सांपडतो.

तांबें १०८५ अंश सेंटिग्रेडला वितळतें, कथील अवघ्या २३२ अंशांस. म्हणून तापलेल्या भांड्यास कथलाची कांडी लावतांच कथील पातळ होतें, तांबें मात्र घट्ट राहतें. परंतु तांब्यावर ऑक्साइडाचें पुट असेल तर पातळ कथील अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें गोळा होतें. नवसागर तापला कीं तें पुट काढून टाकतो. मगच कापसाच्या बोळ्यानें कथील सर्वत्र पसरतें. हें कांहीं रंग फांसणें नव्हे. दोन धातूंच्या मध्यें त्यांच्या संयुगाचा सूक्ष्म थर बनतो. त्यांत तांब्याच्या ६ परमाणूंस कथलाचे ५ असें प्रमाण असतें. ह्या थरामुळेंच कल्हई भांड्यास धरून राहते.

जी उष्णता जोडते, तीच मोडतेही. थर अतिशय पातळ असेल तर तो वितळण्याचीही वाट पाहत नाहीं. मायकेल फॅरेडे ह्यांनीं कांचेवर सोन्याचा वर्ख बसवून तो तापविला, व १८५७ सालीं ते प्रयोग रॉयल सोसायटीपुढें मांडले. सोनें १०६४ अंशांस वितळतें; पण त्याच्या पुष्कळ खालींच वर्खाची झळाळी व त्यांतून दिसणारा हिरवा प्रकाश नाहींसा झाला. दाब देतांच हिरवा रंग परत आला. म्हणजे सोनें उडून गेलें नव्हतें, त्याची रचना पालटली होती. परमाणु सरकून सलग पटाचीं बारीक बेटें होतात, व मध्यें मोकळ्या जागा पडतात, हें आज आपणांस ठाऊक आहे. संगणकाच्या चिपांवरील धातूचे पट तापवितांनाही हें भान ठेवावें लागतें.

कल्हई वर्खाहून पुष्कळ जाड असते. तरी तिलाही मर्यादा आहे. भांड्यांत पाणी असेतों उष्णतामान १०० अंशांच्या आसपास राहतें. रिकामें भांडें चुलीवर राहिलें, किंवा फोडणीचें तेल फार तापलें, तर २३२ अंश सहज ओलांडले जातात. कथील ओघळतें, आणि संयुगाचा थर वाढून उरलेलें कथील गिळूं लागतो. मग उघड्या तांब्यावर ताक वा चिंच पडली कीं तांब्याचे क्षार अन्नांत उतरतात, व मळमळ आणि वांति होते.

म्हणून ज्या घरीं तांब्या-पितळेचीं भांडीं आजही वापरांत आहेत, तेथें पालकांनीं त्यांचा आंतला भाग अधूनमधून निरखावा. तांबूस डाग दिसतांच पुन्हा कल्हई करून घ्यावी. आणि कथील शुद्ध, शिशाची भेसळ नसलेलें आहे, ह्याची आधीं खात्री करावी.