रानात जाण्यापूर्वीचा सरंजाम

अरण्यात दोन-चार दिवस स्वतःच्या हातांच्या भरवशावर राहण्याची विद्या, जिला अलीकडे आपल्याकडील तरुण मंडळीही ‘बुशक्राफ्ट’ म्हणू लागली आहेत, शिकण्याच्या इच्छेने जे कोणी माझ्याकडे येतात, ते बहुधा विद्येविषयी न विचारता वस्तूंविषयी विचारतात; आणि मी त्यांस दोष देत नाही, कारण दुकानात नुसते हिंडून आल्यानेदेखील रानात जाऊन आल्याचे निम्मे समाधान मिळते व त्यात जळवा लागत नाहीत. तथापि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अनेक वर्षे हिंडल्यानंतर, आणि पाठीवर मणभर सामान घेऊन आलेले धडधाकट गडी दुसऱ्याच दिवशी गुडघे धरून बसलेले पाहिल्यानंतर, माझे असे ठाम मत झाले आहे की नवख्याने साहित्य निवडताना दुकानदाराच्या यादीस शेवटचे स्थान द्यावे, आणि आपण जेथे जाणार तेथील झाडे, तेथील पाऊस व तेथील पाणी यांस पहिले.

हे सांगण्याचे कारण असे की या विषयावरील नावाजलेले पुष्कळ ग्रंथ उत्तरेकडील शीत मुलखांत जन्मास आले आहेत. कॅनडाच्या मॉर्स कोचान्स्की यांनी जे लिहिले ते भूर्ज आणि सूचिपर्णी वृक्षांच्या, महिनोन्‌महिने बर्फाखाली राहणाऱ्या अरण्यास उद्देशून लिहिले. तेथे रात्री विस्तव पेटला नाही तर प्राणावर बेततो, म्हणून तेथे कुऱ्हाडीची थोरवी, आणि ओंडक्यावर सुरी ठेवून तीवर सोट्याचे घाव घालीत लाकूड फोडण्याचा तो प्रसिद्ध प्रयोगही तेथलाच. आपल्या डोंगरांत आग धरणारी भूर्जाची साल नाही, चिडाचे राळेने भरलेले खोड नाही. आहेत ते ऐन, किंजळ, हिरडा, कारवीची रानेच्या राने आणि बांबू. जून ते सप्टेंबर या काळात येथे आकाश कोसळते, आणि फेब्रुवारी सरता सरता ओढे आटून गडावरच्या टाक्यांच्या तळाशी हिरवे पाणी उरते. येथे विस्तवावाचून रात्र कशीबशी निघते. पाण्यावाचून चैत्रातली दुपार निघत नाही.

म्हणून पहिला खर्च पाण्याच्या भांड्यांवर करावा. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसास दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी सहज लागते, आणि लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. हा भार कोणत्याही युक्तीने कमी होत नसल्यामुळे बाकीच्या साऱ्या वस्तूंनी त्याच्यासाठी जागा सोडली पाहिजे. रुंद तोंडाचा, एकेरी पत्र्याचा स्टीलचा डबा मला सर्वांत उपयोगी वाटत आला आहे, कारण तो सरळ चुलीवर ठेवता येतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून त्यास खळखळून उकळी आणावी व ती मिनिटभर तरी टिकू द्यावी. दुहेरी भिंतीची, गरम चहा गरम ठेवणारी बाटली मात्र विस्तवावर चुकूनही ठेवू नये. दोन भिंतींमधील पोकळी बंद असल्यामुळे झाकण काढलेले असले तरी ती फुटू शकते.

हत्याराविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण नवख्याची सर्वांत अधिक फसगत येथेच होते. मुळशी तालुक्यातील एका स्नेह्याच्या मालकी रानात माझ्यासोबत आलेल्या एका तरुणाने मोठ्या हौसेने एक सुरी आणली होती. पाते वीतभर, पाठीवर करवतीचे दाते, मूठ पोकळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र आणि आत गळ, दोरा, काड्या. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटाने असल्या सुऱ्यांस जगभर जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचेच हे स्वस्त वंशज. पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्याने ती ऐनाच्या वाळक्या ओंडक्यावर धरून वरून दांडक्याचे तडाखे दिले, आणि चौथ्या-पाचव्या तडाख्यास पाते मुठीपासून निखळून आमच्या दोघांच्या मधून गेले. स्नेह्याच्या शेतावरील एका वृद्ध गड्याने ते उचलून मुठीच्या पोकळीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, “ह्याला शेपूटच न्हाय सायेब, धरनार कशात?” परीक्षणाचा याहून नेमका निकष मी दुसरा ऐकलेला नाही. पात्याचे पोलाद मुठीत दूरवर, शक्यतो शेवटपर्यंत, गेलेले असावे. ते पाहता येत नसेल तर सुरी विकत घेऊ नये.

खरे म्हणजे आपल्याकडे या कामास कोयता आहे. गावचा लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतो तो कोयता दिसायला ओबडधोबड असतो, परंतु त्याचे पोलाद चिवट असते, त्याची धार साध्या कानशीने नि निसण्याने परत येते, आणि मूठ सैल झाली तर ती बसवून देणारा माणूस पुढच्याच गावी सापडतो. कोकणात तो कमरेच्या आकडीत अडकवून चालण्याचा जो प्रघात आहे तो सराईताने पाळावा. नवख्याने मात्र पात्यास चामड्याचे वा जाड कॅनव्हासचे म्यान शिवून घ्यावे, कारण घसरड्या उतारावर उघडे पाते कोणाचाही मुलाहिजा राखत नाही. कोयत्याच्या जोडीस तळहाताएवढ्या पात्याची एक साधी सुरी असली की झाले. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स, जो ‘नेसमक’ या नावाने लिहीत असे, त्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात छोटी दुधारी कुऱ्हाड, पातळ सुरी व खिशातला चाकू एवढ्यांवरच काम भागवले होते. हा क्षयाने पोखरलेला, किरकोळ देहाचा गृहस्थ अवघ्या साडेदहा पौंड वजनाच्या होडीतून ॲडिरॉन्डॅकच्या सरोवरांत हिंडला, आणि हलके जाण्याविषयी बोलण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा असेल असे मला वाटत नाही.

निवाऱ्यास तंबू घेण्याची घाई करू नये. दहा बाय बारा फुटांची हलकी ताडपत्री, नायलॉनची बारीक दोरी आणि अंगाखाली घालण्यास जाड चटई, एवढ्यावर पावसाळा वगळता काम भागते. पावसाळ्यात नवख्याने रानात मुक्कामच करू नये. घोंगडीचा मी भक्त आहे, ती ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते आणि तिच्यावर ठिणगी पडली तरी भडका उडत नाही. परंतु भिजलेली घोंगडी वाहून नेणे ही शिक्षा आहे, हेही सांगितले पाहिजे.

विस्तवासाठी चकमकीची कांडी जरूर घ्यावी, पण शिकण्याकरिता. भरवसा मात्र घट्ट झाकणाच्या डबीतील दोन काडेपेट्यांवर आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांवर ठेवावा, कारण रबर ओले असले तरी पेट घेते. डोक्यास बांधण्याची विजेरी व हाती काठी, या दोन वस्तू दुकानात कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि फुरसे जेथे दगडांच्या सांदीत पडून असते तेथे त्यांच्याइतके उपकारक काही नाही. ब्लेड व रबरी पेला घातलेली सर्पदंशाची पेटी कोणी विकू लागल्यास ती घेऊ नये; दंशावर चिरा देणे व विष शोषणे यांनी अपायच होतो, आणि खरा उपाय म्हणजे दंश झालेला अवयव न हलवता रोग्यास प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर पोहोचवणे. सर्वांत जवळचे असे रुग्णालय कोणते, याची चौकशी घरून निघण्यापूर्वी करावी.

राहिली कायद्याची बाब. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या व्याख्येत सुरीही शस्त्र ठरते, आणि पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही; तेव्हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर येथे कोयता परजत जाण्याचा बेत मनातून काढून टाकावा. पहिले धडे मालकाच्या संमतीने मालकी रानातच गिरवावेत, आणि तेथेही ऐन, हिरडा, किंजळ यांसारख्या झाडांची तोड १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाने नियंत्रित केलेली असल्यामुळे कोयता पडलेल्या, वाळलेल्या लाकडावरच चालवावा. चुलीभोवतीचे गवत पाच-सहा हात साफ करावे, पाण्याची बादली शेजारी भरून ठेवावी, आणि आपण कोणत्या रानात, किती जण, किती दिवस आहोत हे गावच्या पोलीस पाटलाच्या कानी घालावे. धूर दिसताच वणवा समजून सारा गाव ओल्या फांद्या घेऊन आपल्या अंगावर धावून येण्यापेक्षा ते बरे.