घरोघरी वेगवान इंटरनेट : शेवटच्या तारेचे अर्थशास्त्र

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. शहरातील शंकर नगरसारख्या वसाहतीतील मध्यमवर्गीय घरात त्या काळी साधारणतः दोन तारा येत असत : एक दूरध्वनीची, दुसरी केबल दूरचित्रवाणीची. रायपूर मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्याने शहराला देशाशी जोडणारा प्रकाशीय तंतूंचा कणा उभारणे तुलनेने सोपे होते. अडचण होती ती एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या अखेरच्या दोन-तीन किलोमीटरची.

तांत्रिकदृष्ट्या ही अडचण सुटलेली होती. मानवी आवाजासाठी तांब्याच्या तारेवरील सुमारे चार किलोहर्ट्झपर्यंतचाच पट्टा लागतो. त्यावरील पट्टा रिकामा राहतो. एडीएसएल तंत्रज्ञान या मोकळ्या पट्ट्यातून, सुमारे 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, माहिती वाहून नेते. त्यामुळे एकाच तारेवर बोलणेही चालते आणि इंटरनेटही. मात्र अंतर वाढते तसा संकेत क्षीण होतो व वेग घटतो. पाच किलोमीटरपलीकडे सेवा देणे अवघड ठरते. दाट वस्तीच्या नगराला हे तंत्र जितके अनुकूल, तितकेच विखुरलेल्या पाड्यांना ते प्रतिकूल आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे महत्त्वाचे म्हणजे, तार जमिनीखाली टाकण्याचा मोठा खर्च आधीच झालेला होता. तो बुडीत खर्च होय. नव्या ग्राहकासाठी मोडेम, आवाज व माहिती वेगळी करणारा स्प्लिटर आणि एक्सचेंजमधील यंत्रसामग्री एवढाच वाढीव खर्च उरत होता.

केबलची कथा निराळी आहे. तिच्या समाक्ष तारेची क्षमता टेलिफोनच्या तारेपेक्षा कितीतरी अधिक असते. परंतु आपल्याकडील जाळी दूरचित्रवाणीसाठी, म्हणजे एकाच दिशेने संकेत नेण्यासाठी, बांधली गेली. इंटरनेटला परतीचा मार्ग हवा आणि त्यासाठी वाटेवरील प्रत्येक प्रवर्धक बदलणे आले. शिवाय एका तारेवर अनेक घरे असल्याने संध्याकाळी वेग विभागला जातो. खांबांवरून तारा नेणाऱ्या गल्लीतील लहान केबलचालकाकडे एवढे भांडवल कोठून येणार?

केंद्र सरकारने 14 ऑक्टोबर 2004 रोजी ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. दर सेकंदाला किमान 256 किलोबिट वेगाची, सदैव चालू राहणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात होती. या वेगाने पाच मेगाबाइटची फाइल उतरवण्यास पावणेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. 56 किलोबिटच्या डायल-अप जोडणीवर बारा मिनिटे सहज जात. 2005 अखेर 30 लाख, 2007 अखेर 90 लाख आणि 2010 अखेर 2 कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठरले. प्रत्यक्षात 2005 अखेर सुमारे 9 लाख, 2007 अखेर सुमारे 31 लाख आणि 2010 च्या अखेरीस एक कोटीच्या थोड्या वर जोडण्या झाल्या. देशात चार कोटींवर तांब्याच्या दूरध्वनी जोडण्या असताना हे घडले.

असे का व्हावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल 2004 मध्ये शिफारस केली होती की, एक्सचेंजपासून घरापर्यंतची तार अन्य कंपन्यांना भाड्याने वापरू द्यावी. धोरणात ती सक्ती आली नाही. परस्परसंमतीच्या व्यापारी करारांवर भर राहिला. ज्याच्या हाती तार, त्याला ती प्रतिस्पर्ध्यास देण्याची घाई कशाला असेल? याउलट जपानमध्ये 2001 साली याहू बीबी या सेवेने एनटीटीच्याच तारा भाड्याने घेऊन स्वस्त व वेगवान जोडण्या दिल्या आणि बाजाराचे दर खाली आले.

दुसरी बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. बीएसएनएल ग्रामीण दूरध्वनी तोट्यात चालवत होती. त्याची अंशतः भरपाई 2003 ते 2008 या काळात अन्य कंपन्यांकडून आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून होत असे. तारा खुल्या झाल्या असत्या तर खासगी कंपन्यांनी शंकर नगरची साय काढून घेतली असती आणि बस्तरचे ताक बीएसएनएलकडे राहिले असते, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्यावर उपाय भाड्याच्या दरात होता. शहरातील तारेचे भाडे खर्चापेक्षा थोडे अधिक ठेवून तो अधिभार ग्रामीण जोडण्यांकडे वळवता आला असता. तारा बंद ठेवण्याने बस्तरलाही काही मिळाले नाही.

पुढे ग्राहक भ्रमणध्वनीकडे वळला, स्थिर जोडण्या घटत गेल्या. 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि शहरांत प्रकाशीय तंतू थेट घरापर्यंत येऊ लागला. ऑगस्ट 2022 मध्ये स्थिर जोडण्यांच्या संख्येत जिओने बीएसएनएलला मागे टाकले. ब्रॉडबँडची किमान मर्यादा 2013 मध्ये 512 किलोबिट आणि जानेवारी 2023 मध्ये दोन मेगाबिट झाली.

आता तोच प्रश्न नळमार्गांबाबत उभा आहे. प्रत्येक कंपनीने स्वतंत्रपणे रस्ता खोदणे किंवा खांबांवर तारांची आणखी जाळी चढवणे म्हणजे एकच खर्च पुनःपुन्हा करणे होय. दूरसंचार अधिनियम, 2023 मध्ये सामाईक नळमार्ग व केबल मार्गिका खुल्या तत्त्वावर उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. या मार्गिकांचे भाडे खर्चाशी निगडित असावे व ते खोदकामापूर्वीच जाहीर व्हावे. अन्यथा ज्याने आधी नळी टाकली, त्याच्या मर्जीवर पुढील कंपनीचा प्रवेश अवलंबून राहील.