चि. नंदूस, कानांविषयी आणि अ‍ॅम्पविषयी

दादर, मुंबई

चि. नंदू यास,


काल रात्री वहिनींचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, काकूच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मग हळूच म्हणाल्या, "नाना, नंदू मध्यरात्री उठून पंखा बंद करतो आणि मला विचारतो, आई, तुला शिट्टी ऐकू येते का?" फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. शिट्टी खोलीत नाही हे तुलाही कळलेलं असणार. किती दिवसांपासून आहे? एका कानात की दोन्ही? वाजवून उठल्यावर वाढते का? याची उत्तरं मला आजच हवीत. बोलायला जड जात असेल तर लिहून पाठव.

दुसरी बातमी छकुलीकडून कळली. तू गिटारच्या अ‍ॅम्पची नक्कल करणारं, लाखाच्या वरचं मॉडेलिंगचं मशीन हप्त्यांवर घेतो आहेस, आणि पहिली रक्कम उभी करायला माळ्यावरचा बाबांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प विकायला काढला आहेस. अ‍ॅम्पचं मागाहून बोलू. आधी कान.

अरे, रात्री अकराला हेडफोन चढवायचे ते दोनला उतरवायचे, हे कुणी शिकवलं तुला? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब साधा आहे: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकलेला चालतो, ९० डेसिबल झाला की तीच मर्यादा ४ तासांवर येते. तू रोज तीन तास बसतोस. काटा ९० वर असेल तर मंगळवारी रात्रीच तुझा आठवड्याचा वाटा संपला, आणि तू रविवारपर्यंत वाजवत राहतोस. आतल्या कानातल्या ज्या केशपेशींवर आपलं सगळं ऐकणं उभं आहे, त्या एका कानात १५,००० च्या आसपास असतात आणि माणसात एकदा गेल्या की परत येत नाहीत. 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडने आयुष्यभर प्रचंड मोठ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवलं, पण आपले कान स्टेजने नाही, स्टुडिओतल्या हेडफोनांनी बिघडवले असं तो स्वतः सांगतो. चार भिंतींच्या आत एकट्याने वाजवणं सुरक्षित, असं समजू नकोस.

तू म्हणशील, नानाकाका, हळू ठेवलं की टोन मरतो, म्हणून तर चांगलं मशीन घ्यायचंय. नेमकं हेच मला समजावून सांगायचं आहे, म्हणून एवढं लांबण लावतो आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरच्या पट्ट्या कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यामुळे कुठलाही टोन, लाखाचा असो की फुकटचा, आवाज वाढवला की भरदारच वाटतो. दोन मशिनं शेजारी ठेवून ऐकताना एक जरासं जरी मोठं वाजत असलं तरी तेच सरस वाटतं. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी सारखी कर. हे केल्याशिवाय कुणी "हा टोन खरा आणि तो खोटा" म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस, मग तो कितीही मोठा वादक असो.

दुसरं कारण असं की व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प खोलीत वाजतो तेव्हा तू त्याच्यापासून चार पावलं लांब असतोस. स्पीकर हवा ढकलतो, भिंती ती परत पाठवतात, गिटारची तारही त्या हवेने थरथरते. मॉडेलर देतो तो आवाज मात्र कॅबिनेटला नाक लावून ठेवलेल्या माइकने टिपलेला असतो. आयआर म्हणतात ती फाइल हेच करते. अमुक स्पीकर, अमुक माइक, अमुक अंतर, याचा ठसा. तो थेट तुझ्या कवटीच्या मधोमध येऊन बसतो, म्हणून काहीतरी कमी आहे असं वाटतं आणि हात व्हॉल्यूमकडे जातो. व्हॉल्यूमला हात लावू नकोस. छोट्या खोलीचा रिव्हर्ब किंचित घाल, आवाज डोक्याबाहेर सरकेल. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही, तेव्हा वरचं गुणगुणणं काप. खालून ८० हर्ट्झच्या आसपास काप, कारण तुझी सर्वांत जाड तारच ८२ वर आहे. आणि इंटरफेसवरचं 'इन्स्ट्रुमेंट'चं बटण दाबलेलं आहे का ते बघ. गिटारच्या पिकअपला समोर दहा लाख ओहमचा अडथळा लागतो. लाइनच्या भोकात घातलीस तर धार जाते, आणि धार गेली की तू पुन्हा आवाज वाढवणार. सगळ्या वाटा त्याच एका बटणापाशी येतात बघ.

मशिनांना मी नावं ठेवत नाही. लाइन सिक्सचा पहिला पॉड १९९८ साली निघाला. राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा तो लाल डबा आमच्या स्टुडिओत आला तेव्हा जुने लोक नाराज झाले होते, मी नाही. ट्विन रिव्हर्बसारखं ८५ वॅटचं धूड जिन्यावरून चढवणाऱ्या पोरांच्या पाठी मी पाहिल्या आहेत. पुढे २०११ साली केम्पर आला. त्याने खऱ्या अ‍ॅम्पमधून चाचणीचे आवाज सोडून त्याची प्रतिमा घ्यायची रीत आणली. मग हेलिक्स, फ्रॅक्टल, क्वाड कॉर्टेक्स. कुणी सर्किटचा एकेक भाग गणिताने मांडतं, कुणी आत काय गेलं आणि बाहेर काय आलं एवढ्यावरून शिकतं. सगळी उत्तम आहेत. ध्वनिमुद्रण ऐकून आतला अ‍ॅम्प खरा की गणिताचा हे मला आता सांगता येत नाही, आणि ज्यांना येतं असं ते म्हणतात त्यांच्यापैकी बहुतेकांनाही येत नसावं.

पण तुझी गरज काय? जमिनीवर ठेवायची ती मोठी मशिनं स्टेजवाल्यांची. त्यांना गाण्याच्या मध्यात पायाने चार आवाज बदलायचे असतात. तू कोथरूडच्या त्या दीड खोलीत बसून एकांकिकांना संगीत देतोस. तुझ्याकडे लॅपटॉप आहे, दोन इनपुटचा इंटरफेस आहे. 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' नावाचं प्लग-इन फुकट मिळतं आणि ते कशातही कमी नाही. महिनाभर त्यावर काम कर. बफर १२८ वर ठेवून लॅपटॉप अडखळत असेल, आवाज बोटांच्या मागे पडत असेल, तरच डबा घे. तोही एचएक्स स्टॉम्प किंवा टोनेक्सच्या आकाराचा, जमल्यास वापरलेला, आणि रोख. आणि काहीही वापरलंस तरी प्रत्येक टेकबरोबर गिटारचा कोरा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेत जा, म्हणजे टोन उद्याही बदलता येतो. रात्री दोन वाजता तो शोधत बसायची गरजच उरत नाही. टोन दिवसा ठरवायचा, छोट्या मॉनिटरवर, वहिनी स्वयंपाकघरातून काय म्हणाल्या ते ऐकू येईल एवढ्या आवाजात. रात्री फक्त वाजवायचं, बंद कपाचे हेडफोन लावून, म्हणजे रस्त्याच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम चढवावा लागत नाही. अर्थात हेही कानाच्या डॉक्टरांनी मुभा दिल्यावर. तोपर्यंत हेडफोन कपाटात.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने लिहितोय त्याचं कारण तुला ठाऊक आहे. माझ्या डाव्या कानाला आता झांजेची किणकिण पोचत नाही. पण तेवढंच नाही रे. दादा, तुझे बाबा, ऑफिसातून येऊन त्या अ‍ॅम्पवर वाजवत बसायचे तेव्हा मी रोज स्टुडिओत दुसऱ्यांची गिटार टेपवर घेत होतो. टेप महाग, शिफ्ट महाग, घरी रेकॉर्ड करायचं तर काही साधन नाही. "नाना, एकदा माझंही घे," असं दादा हसत म्हणायचे. मी "घेऊ की" म्हणायचो. ते गेले आणि त्यांच्या हाताचं काहीच मागे राहिलं नाही. तुला आज जे एका रात्रीत, लुंगीवर बसून करता येतं, त्यासाठी आम्ही दोघं भाऊ काय दिलं असतं! म्हणून तुझ्या यंत्रांचा मला राग नाही. ते ऐकायला तुझे कान शाबूत असावेत एवढंच.

फार बोललो. वहिनींना रागावू नकोस, त्यांनी चुगली केलेली नाही, त्या घाबरल्या आहेत. आणि तूही घाबरलेला असशील, म्हणूनच पंखा बंद करून बघतोस. शिट्टी कानात वाजणाऱ्या पुष्कळ लोकांचं पुढे नीट चालतं, ती मंदावतेही. पण ऑडिओमेट्री करून घे, या आठवड्यात. ऐकू यायचं अचानक कमी झालंय असं वाटलं तर आठवडाही थांबू नकोस, त्याच दिवशी जा. पैसे मी पाठवतो, वाद घालू नकोस.

आता अ‍ॅम्प. तो तुझा आहे, विकायचा असेल तर वीक, मी अडवणार नाही. फक्त त्याआधी एक कर. ज्या प्लग-इनचं मी म्हणालो, त्यासाठी स्वतःच्या अ‍ॅम्पचीही प्रतिमा घेता येते. तीनएक मिनिटांचा ठरावीक आवाज त्यातून सोडायचा, समोर माइक, बाकीचं संगणक करतो. बटणांशेजारी दादांनी पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत, त्याच जागी बटणं ठेवून घेऊ. अ‍ॅम्प गेला तरी त्यांचा टोन तुझ्या लॅपटॉपवर राहील. मात्र इतकी वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प एकदम चालू करू नकोस, आतले कपॅसिटर सुकलेले असतील. उघडूही नकोस, त्यांत वीज साठून राहते. आधी जाणत्या माणसाकडून तपासून घे, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तर मुळीच सुरू करायचा नाही.

येत्या शुक्रवारी डेक्कन क्वीनने निघतो. माझा जुना एसएम५७ माइक आणि स्टँड बरोबर आणतो. तालमीची एखादी खोली शनिवारी दुपारी मिळते का बघून ठेव. अ‍ॅम्प आत वाजू दे, आपण दोघं दार लावून बाहेर बसू. डॉक्टरची वेळ शनिवारी सकाळची मिळाली तर मी बरोबर येईन. एकटा जायचं म्हणालास तर रिक्षात बसून राहीन. काकू तुझ्यासाठी ओल्या नारळाच्या करंज्या करते आहे.

तुझा,
नानाकाका